टबातली बार्डोलिनो

आत्माराम गवाणकर मूळचा कुडाळचा, पण गेली पंधरा-सोळा वर्षं जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये मुरलेला. दवाखान्यांची मोठमोठी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता आणि काय काय बिघडू शकेल ह्याचा आधीच विचार करून ठेवणं, एवढंच त्याचं काम होतं. पेशंटचा सदरा यंत्रात अडकला तर? नर्सने भलतंच बटण दाबलं तर? ऐन वेळी वीज गेली तर? असल्या 'तर'मध्ये दिवसभर बुडालेला हा माणूस संध्याकाळी सायकलवर टांग टाकली, की सगळे 'तर' ऑफिसच्या खणात ठेवून घरी येई. मग घरी येईपर्यंत वाटेत काय होईल ते सांगता येत नसे. एकदा छत्री आणायला गेला आणि डझनभर छत्र्या घेऊन आला. एकदा तुर्की दुकानातून कांद्यांची अख्खी पोती आणली. "जास्त घेतलं की बरं पडतं," हे त्याचं वाक्य त्याच्या बायकोला, ऊर्मिलाला, झोपेतसुद्धा ऐकू येई. इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला एक छोटी खोली असते, तिला इथे केलर म्हणतात. गवाणकरांचं केलर उघडायचं म्हणजे आधी बाजूला उभं राहावं लागे, नाहीतर अंगावर काहीतरी यायचं.

त्याच्या नावाचीही गंमत होती. जर्मनमध्ये श्वास घेण्याला 'आट्मेन' म्हणतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी ह्याने हात पुढे करून "आत्माराम" म्हटलं, तर साहेबांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि हळूच सोडला. त्यांना वाटलं, भारतात मीटिंगची सुरुवात अशी करत असतील.

वाइनची आणि त्याची गाठसुद्धा ह्या नावामुळेच पडली. ऑफिसातल्या एकाच्या निरोप समारंभात कुणीतरी तांबडी वाइन ओतली आणि म्हणालं, थांबा, तिला जरा आट्मेन करू द्या. म्हणजे वाऱ्यावर राहू द्या, मग चव खुलते. आत्मारामला वाटलं, आत्माला द्या म्हणताहेत. नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्याने पेला उचलला आणि चाळिशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा वाइन प्यायली. रंग कोकमाच्या सरबताचा, चव जरा तुरट, जरा चेरीसारखी. अर्धा पेला संपला आणि आत्माराम बसल्या जागी, पाठ ताठ ठेवून, गाढ झोपला. लहानपणापासून मांजर चाललं तरी जागा होणारा हा माणूस! उठल्यावर त्याने बाटलीवरचं नाव वाचलं: बार्डोलिनो. इटलीत गार्डा नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या काठची वाइन.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी जेवणाबरोबर अर्धा पेला आणि मग झोप, असा नेम सुरू झाला. आणि अर्ध्या पेल्याच्या बळावर आत्माराम वाइनवर बोलू लागला. पुरा पेला पिणाऱ्यांनी जेवढं बोलू नये तेवढं बोलू लागला.

"हे बघ," तो ऊर्मिलाला सांगे, "त्याच भागात आमारोने म्हणून एक वाइन होते. द्राक्षं महिनोन्‌महिने सुकवून करतात. ती म्हणजे श्रीखंड-पुरी. लग्नात ठीक आहे. पण रोज कोण खाईल? बार्डोलिनो, साधी वाल्पोलिचेल्ला, पांढऱ्यात सोआवे, हा आमटी-भात. तिथली माणसं हेच पितात. खरं गाव कळतं ते आमटी-भातावरून."

"मग आमटीला फोडणी दे आणि कुकर लाव," ऊर्मिला म्हणे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ऊर्मिलाचे वडील, शरदचंद्र, सांगलीहून राहायला आले होते. हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. उभं आयुष्य सांगली आगारात कर्ण्यावरून गाड्या पुकारण्यात आणि मागे येणाऱ्या गाड्यांना हात दाखवण्यात गेलं होतं. आवाज खणखणीत, कपडे इस्त्रीचे आणि सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. जावयाच्या शनिवारच्या पेल्याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, कारण ते आल्यापासून आत्माराम पेला स्टीलचा घेत असे.

फिंग्स्टेन ह्या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत एर्लांगेनमध्ये बिअरची मोठी जत्रा भरते. सगळं गाव टेकडीवर जाऊन गातं. सासऱ्यांना तिथे काय दाखवणार, असं म्हणून आत्मारामने सगळ्यांना गाडीत घातलं आणि गार्डा सरोवरावर नेलं. सासऱ्यांना सांगितलं, सरोवर बघायला. ऊर्मिलाला सांगितलं, हवापालट. मुलगी अन्वी अकरा वर्षांची, तिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. तिला सांगितलं, आइस्क्रीम. स्वतःच्या मनात काय होतं ते फक्त आत्मारामला ठाऊक होतं. तिथल्या गावांत शेतकऱ्यांच्या सहकारी वाइनरी असतात आणि तिथे रोजची वाइन पेट्रोल पंपासारखी नळीने भरून मिळते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

परतायच्या दिवशी अशी एक वाइनरी दिसलीच. सासरे गाडीत डुलक्या काढत होते. बाकी तिघं आत गेली. खरोखरच भिंतीवर मीटर, खाली नळी, नळीला बंदुकीसारखी मूठ. एक म्हातारा गावकरी प्लास्टिकचा कॅन घेऊन आला, भरून घेतला आणि स्कूटरला लटकवून गेला. आत्मारामचे डोळे पाणावले.

काउंटरमागे मिशावाला, ढेरपोट्या मालक उभा होता. आत्मारामने ह्या क्षणासाठी इटालियनमधलं एकच वाक्य घोकलं होतं. "वीनो दा तुत्ती ई जोर्नी," तो म्हणाला. म्हणजे रोजची वाइन.

मालकाच्या मिशा वर गेल्या. त्याने आत्मारामकडे बोट दाखवलं. "रोज?"

"रोज!" आत्माराम छाती काढून म्हणाला.

मालकाने ऊर्मिलाकडे बोट दाखवलं, अन्वीकडे दाखवलं, काचेतून गाडीत झोपलेल्या सासऱ्यांकडे दाखवलं. "तुत्ती?" म्हणजे सगळे?

आत्मारामला वाटलं, सगळे एकाच घरचे का, असं विचारतोय. "तुत्ती, तुत्ती!"

मालक गहिवरला. त्याने आतून बायकोला हाक मारली. तिने येऊन अन्वीच्या गालाचे मुके घेतले. मग दोघांनी मिळून मागून एक बरणी आणली. बरणी म्हणजे काय, लग्नात पाणी भरून ठेवायचा रांजण म्हणा. जाड हिरव्या काचेची, पोट सुटलेली, मान आखूड, बाहेरून प्लास्टिकची टोपली. पन्नासच्या वर लिटर सहज मावतील अशी. मालकाने नळी आत सोडली.

"आत्मा," ऊर्मिला हळूच म्हणाली, "ती आपली आहे का?"

"छे गं. आपली बाटली नंतर भरेल."

अर्धा रांजण भरला. मालकीणबाई टाळ्या वाजवत होती. आत्मारामला घाम फुटला. आता नको म्हणावं तर इटालियनमध्ये नको कसं म्हणतात ते येईना. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यातून, छत्र्यांच्या आणि कांद्यांच्या ओळखीचा आवाज येत होता, की जास्त घेतलं की बरं पडतं. मालकाने बूच ठोकलं, हातवाऱ्यांनी समजावलं: लवकर बाटल्यांत भरा, नाहीतर ही आंबट होईल. आणि आत्मारामच्या दोन्ही गालांवर मिशा घासल्या.

डिकीत बॅगा होत्या. रांजण बसला मागच्या सीटवर, मधोमध, पट्टा बांधून. एका बाजूला अन्वी, दुसऱ्या बाजूला सासरे. त्यांना जाग आली तेव्हा शेजारी नवा प्रवासी.

"हे काय, आत्मारामराव?"

"द्राक्षाचा रस, बाबा."

सासरे सांगलीचे. द्राक्षाचं नाव निघाल्यावर त्यांची झोप उडाली. त्यांनी रांजणावर बोटाने टिचकी मारली, कान लावला. "माल चांगला दिसतोय. पण एवढा?"

"जास्त घेतलं की बरं पडतं," ऊर्मिलाच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली ती थेट ऑस्ट्रिया येईपर्यंत.

ऊन लागू नये म्हणून अन्वीने रांजणाच्या मानेवर आपली टोपी घातली. जर्मनीच्या हद्दीत शिरताना पोलिसांनी गाडी बाजूला घेतली. एक तरणा पोलीस खिडकीतून वाकला. त्याला टोपी घातलेलं, पट्टा बांधलेलं, गोल पोटाचं कुणीतरी दिसलं.

"हे कोण?"

"फ्राऊ बार्डोलिनो," अन्वी म्हणाली, म्हणजे बार्डोलिनोबाई.

"वाइन आहे," आत्माराम घाईघाईने जर्मनमध्ये म्हणाला. सासऱ्यांना जर्मन कळत नाही ह्याबद्दल त्याने मनात कुलदैवताला हात जोडले. "घरच्यासाठी. नियमात बसते, मी वाचून ठेवलंय."

"बसते की. घरात किती जण पितात?"

"मी एकटाच. शनिवारी. अर्धा पेला."

पोलिसाने रांजणाकडे पाहिलं, आत्मारामकडे पाहिलं. त्याचे ओठ थोडा वेळ नुसतेच हलत राहिले, मनात हिशेब चालला असावा. मग त्याने अदबीने सलाम ठोकला. "आल्झो," तो म्हणाला, "मग तुम्हाला दीर्घायुष्य लाभो."

एर्लांगेनला पोहोचल्यावर खरी कथा सुरू झाली. गवाणकरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि केलरची अवस्था तर सांगितलीच. गाडीचं दार उघडून आत्माराम विचार करत उभा होता तेवढ्यात तळमजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, झ्विंगल बाहेर आले. हे पासष्टीचे विधुर गृहस्थ. हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीचे नियम, त्यांना पाठ होते आणि दुसऱ्यांनाही ते असावेत अशी त्यांची माफक अपेक्षा होती. जिन्यात चप्पल ठेवली तरी ते चिठ्ठी लावत. पक्के फ्रँकोनियाचे, म्हणजे इथल्याच मुलखाचे, असल्यामुळे त्यांचं मत असं, की बिअर हे अन्न आहे, वाइन फक्त आपल्याकडची, चपट्या बाटलीतली, आणि इटलीची ती लिंबूसरबतं. त्यांनी रांजणाभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग आत गेले आणि सामान चढवायची दुचाकी ढकलगाडी घेऊन आले.

रांजण गाडीवर बांधला. खालून झ्विंगल, वरून आत्माराम. आणि मग जिन्याच्या वळणावर सासरे उभे राहिले. इतक्या वर्षांचा सराव तो, त्यांना राहवलंच नाही.

"येऊ द्या! येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे मारा... अजून... बास! पुढे घ्या जरा! आता सरळ येऊ द्या!"

झ्विंगलना मराठीचा म देखील ठाऊक नव्हता. पण त्या आवाजात असा काही अधिकार होता, की ते मुकाट्याने डावीकडे मारत होते, बास म्हटलं की थांबत होते. तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर त्यांनी घाम पुसला आणि सासऱ्यांशी हात मिळवला. "गेनाऊ," ते म्हणाले. "माणसाने असं स्पष्ट बोलावं."

"काय म्हणतायत?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुमचं बरोबर आहे म्हणतायत."

"ते मला माहीत आहे."

घरात थंड जागा एकच, बाथरूम. रांजण टबात बसला. आता घरात आंघोळीची सोयही तेवढीच. त्यामुळे पुढचे काही दिवस चौघंही टबाच्या उरलेल्या कोपऱ्यात, एका हाताने रांजणाची मान धरून, जवळजवळ एका पायावर आंघोळ करत होती. सासरे तर त्याच्या साक्षीने रोज स्तोत्र म्हणत. ऊर्मिलाने दोन दिवस हे सहन केलं. तिसऱ्या दिवशी ती डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली, "शनिवारपर्यंत एकतर ती ह्या टबातून जाईल, नाहीतर मी ह्या घरातून जाईन. आणि बाबांना काय ते सांग. रस म्हणे!"

बाटल्या हव्या होत्या. त्याही ढीगभर. आत्मारामला दुकानातून नव्या घेणं सुचलं नाही. त्याला सुचलं ते असं: गल्लीच्या तोंडाशी आल्टग्लासच्या टाक्या आहेत. जर्मन माणूस रिकाम्या बाटल्या तिथे नेऊन टाकतो. म्हणजे तिथे बाटल्या आहेत. ऑफिसात असला विचार त्याने लिहून, लाल रेघ मारून, वरिष्ठांकडे पाठवला असता. पण तो सुट्टीचा दिवस होता. त्याने टाकीच्या गोल भोकात खांद्यापर्यंत हात घातला, एका बाटलीची मान पकडली आणि हात बाहेर काढायला गेला, तर तो येईना.

सगळीकडे शांतता. बाजूने सायकली जात होत्या. ऑफिसातला एक ओळखीचा गेला आणि "मॉर्गेन" म्हणाला. आत्मारामने मोकळ्या हाताने "मॉर्गेन" केलं. मग कुत्रा घेऊन एक आजीबाई आल्या.

"आज सुट्टी आहे," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी काच टाकायला मनाई आहे. आवाज होतो."

"मी टाकत नाहीये," आत्माराम म्हणाला. "मी काढतोय."

आजीबाई थांबल्या. त्यांनी टाकीवरची पाटी वाचली. टाकण्याबद्दल सगळं होतं. काढण्याबद्दल काहीच नव्हतं. त्या पुन्हा वाचू लागल्या. कुत्रा खाली बसला.

"बाटली सोडा की," शेवटी त्या म्हणाल्या.

हे आत्मारामच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने बाटली सोडली, हात सुटला आणि आतमध्ये खळ्ळकन असा आवाज झाला, की आजीबाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले. "बघा! हे मात्र टाकणंच झालं!"

घरी आल्यावर अन्वीने बापाचा लालभडक खांदा पाहिला. "पापा, दास इस्ट पाइनलिश," ती म्हणाली, म्हणजे लाज काढलीस. मग तिने एक कागद घेतला, त्यावर एक मोठी बाटली काढली आणि जिन्यात चिकटवला: रिकामी बाटली आणा, भरलेली न्या, शनिवारी दुपारी, होफमध्ये. होफ म्हणजे इमारतीमागचं अंगण. जिन्यात कागद लावायला मनाई होती, पण झ्विंगलनी तो वाचला आणि वाकडा होता म्हणून सरळ केला.

शनिवारी दुपारी बाथरूमच्या खिडकीतून एक लांबलचक पारदर्शक नळी अंगणात सोडली. वरचं टोक रांजणात, ते धरायला आत्माराम. खालच्या टोकाला चिमटा, आणि भोवती सगळी इमारत. एरवी जिन्यात मान लववून पुढे जाणारी ही माणसं आज ऊन खात रांगेत उभी होती. बाटल्या तरी किती तऱ्हेच्या! तेलाच्या, सरबताच्या, एक केचपची, एकीच्या हातात फुलदाणी. झ्विंगल आपल्या चपट्या बाटल्यांची पेटी घेऊन अगदी पुढे होते. "रिकाम्या पडून होत्या म्हणून," ते सगळ्यांना सांगत होते.

पण वाइन खाली येईना. नळीतली हवा ओढून घेतल्याशिवाय ती खिडकी ओलांडणार नव्हती. जो तो एकमेकांकडे बघू लागला. आणि आगारात डिझेल कसं काढतात हे जन्मभर पाहिलेले शरदचंद्र बाह्या सारून पुढे झाले. चिमटा काढून त्यांनी नळी तोंडात धरली.

आत्मारामने वरून पाहिलं आणि तो ओरडला. "बाबा! नका! तोंड लावू नका!"

सासऱ्यांनी हात वर करून, काळजी नको, अशी खूण केली आणि गाल आत घेऊन दम लावला. नळीतून तांबडी रेघ खिडकीवर चढली, क्षणभर थांबली आणि तीन मजले धाडकन खाली आली. सासऱ्यांचे गाल फुगले. डोळे मोठे झाले. इस्त्रीच्या सदऱ्यावर एक थेंब पडला नाही, कारण जे आलं ते सगळं त्यांनी गिळलं. झ्विंगलनी झटकन नळीला चिमटा लावला.

सासऱ्यांनी मान वर केली. "आत्मारामराव," त्यांचा तो खणखणीत आवाज आला, "रस आंबलाय."

ऊर्मिला अंगणातल्या झाडाकडे निरखून बघू लागली.

"आंबला तर आंबला," सासरे म्हणाले. "अन्न आहे. टाकायचं नाही. चला, पहिली बाटली येऊ द्या!"

झ्विंगलनी बाटली पुढे केली. त्यांना 'येऊ द्या' आता येत होतं.

ती दुपार त्या इमारतीने पुन्हा पाहिली नसेल. नळीत अधूनमधून हवा शिरे आणि वाइन थांबे. दर वेळी कुणीतरी पुढे होई, पण सासरे ऐकत नसत. "तुम्हाला जमायचं नाही, ठसका लागेल," असं म्हणून नळी तेच तोंडात धरत. असं चार-सहा वेळा झाल्यावर त्यांचे कान लाल झाले आणि ते खुर्चीवर चढले. "प्रवाशांनी लक्ष द्यावं!" ते गरजले. "सांगलीहून कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे! फुलदाणीवाल्या बाईंनी पुढे यावं!" फुलदाणीवाली बाई पुढे आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाटलीला मिरज मिळालं, त्याच्या पुढच्या केचपच्या बाटलीला इस्लामपूर. झ्विंगलनी पहिला घोट घेतला, गुळणी करावी तसा तोंडात फिरवला आणि म्हणाले, "लिंबूसरबत." मग दुसरा घेतला. मग तिसरा घेऊन म्हणाले, "पण रोज प्यायला वाईट नाही." खिडकीत उभ्या आत्मारामला हे ऐकू आलं आणि त्याला असं वाटलं, की आपण इतकी वर्षं जे बोललो त्याचं चीज झालं.

रांजण रिकामा झाला. आत्माराम खाली आला. कुणीतरी त्याच्या हातात पेला दिला, काचेचा. तो अर्धा होताच आत्माराम खुर्चीत ताठ बसून घोरू लागला. झ्विंगलनी ओठांवर बोट ठेवलं आणि अंगणात रूहेत्साइट जाहीर केली, म्हणजे आवाज बंद. मग सगळी इमारत कुजबुजत पीत राहिली आणि सासऱ्यांनी तासगावची गाडी अगदी हळू आवाजात सोडली.

शरदचंद्र सांगलीला परतल्यावर पंधरा दिवसांनी ऊर्मिलाच्या आईचा, स्नेहलताबाईंचा, फोन आला. "अगं, तिकडे ह्यांना कसला रस पाजत होतात? इथे द्राक्षांचा एवढा मुलूख, पण कुठलाही आणा, म्हणतात ह्यात ती चव नाही. जरा दोन दिवस उन्हात ठेवून बघ म्हणतात."

"त्यांना म्हणावं, पोटाला बाधेल," ऊर्मिला म्हणाली. आत्माराम कांदे चिरत होता. त्याने डोळे वर केले नाहीत.

पुढच्या फिंग्स्टेनला झ्विंगल स्वतःहून दारात येऊन उभे राहिले. आपणही गार्डाला येतो म्हणाले, पेट्रोल त्यांचं. ऊर्मिलाने एकच अट घातली: वाइनरीत आत्मारामने तोंड उघडायचं नाही. त्याने ती पाळली. मिशावाल्या मालकाने त्याला लगेच ओळखलं, मिठी मारली आणि बरंच काही विचारलं. आत्माराम नुसता मान डोलवत राहिला. झ्विंगलही, त्याचं बघून, मान डोलवत राहिले. घरी आले तेव्हा गाडीत वाइनच्या मोजक्या बाटल्या होत्या, पण छपराला बांधून एक ऑलिव्हचं झाड होतं, पुरुषभर उंचीचं, कुंडीसकट.

ते सध्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभं आहे. जिन्यात काही ठेवायला मनाई आहे, पण रोज सकाळी त्याला पाणी घालायला झ्विंगलच चढून येतात.